ऑपरेशननंतर गाडीची किल्ली

भिवंडीत दुचाकीवाचून पान हलत नाही. भिवंडी रोड हे रेल्वे स्थानक वसई–दिवा मार्गावर पडतं, त्यामुळे मुंबईची थेट लोकल इथून नाही. ठाणं किंवा कल्याण गाठायचं तर रिक्षा, बस, नाहीतर स्वतःची गाडी. यंत्रमागाच्या कारखान्यातला जॉबर, काल्हेर-पूर्णा-दापोड्याच्या गोदामांतला सुपरवायझर, दिवसभर पार्सलं पोचवणारा तरुण, धामणकर नाक्यावरून स्कूटरने रोज ठाण्याला कामाला जाणारी बाई, या सगळ्यांचा दिवस किल्ली फिरवल्यावर सुरू होतो. त्यांच्यापैकी कुणाच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं की डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही ठरलेला असतो: गाडी किती दिवसांनी चालवायची? उत्तर बहुधा आकड्यातच मिळतं. कुणी आठ दिवस सांगतं, कुणी पंधरा, कुणी महिना. शिवाय तिसऱ्याच दिवशी गाडीवरून कामाला गेलेला आणि काहीही न झालेला एखादा ओळखीचा हमखास भेटतो. माझं म्हणणं असं की आकडा मागण्यातच चूक होते. जखम भरणं, नजर स्थिरावणं आणि त्या नजरेला दुचाकीच्या वेगाची सवय होणं या तीन गोष्टी एकाच दिवशी पुऱ्या होत नाहीत. त्यांतली जी सर्वांत मागे राहील, तिच्यासाठी थांबावं लागतं. अडचण एवढीच, की स्वच्छ दिसू लागणं हे त्यांत सर्वांत आधी येतं आणि तेच माणसाला घाईवर आणतं.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. ऑपरेशन झालं की गाडी सुटली, असं धरून मोतीबिंदू अंगावर काढणारे पुष्कळ आहेत. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या लोकांमधल्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू निघालं. अंधत्वाच्या बरंच अलीकडे, धूसर डोळ्यांनी गाडी हाकणारे त्या आकड्यात धरलेलेच नाहीत. यंत्रमागाच्या गावात पन्नाशीची वाटही पाहावी लागत नाही. साध्या मागावरचा धोटा उडून डोळ्याला लागणं हा जुना धोका आहे, आणि मार बसलेल्या डोळ्यात ऐन तिशीतही मोतीबिंदू धरतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मोतीबिंदू असलेल्या वयस्क चालकांवर चार ते सहा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशन करून घेतलेल्यांच्या अपघातांचं प्रमाण न करून घेतलेल्यांच्या जवळपास निम्मं भरलं. यावर आक्षेप घेता येतो, की जो ऑपरेशनला तयार होतो तो मुळातच जपणारा असेल. पण २०१८ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून साडेपाच लाखांहून अधिक रुग्णांचा अभ्यास आला. त्यात त्याच माणसांची ऑपरेशनआधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहिली होती, आणि गंभीर अपघात सुमारे ९ टक्क्यांनी घटलेले दिसले. निम्म्यापेक्षा हा आकडा बराच नम्र आहे, म्हणून मला तो अधिक विश्वासाचा वाटतो. तेव्हा रस्त्यावरचा खरा धोका ऑपरेशन टाळणाऱ्याचा आहे. प्रश्न उरतो तो मधल्या काही आठवड्यांचा.

हे दोन्ही अभ्यास प्रामुख्याने मोटार चालवणाऱ्यांच्या जगातले आहेत, आणि डॉक्टर ‘ड्रायव्हिंग चालेल’ म्हणतात तेव्हा त्यांच्याही डोळ्यांपुढे बऱ्याचदा मोटारच असते. मोटारीत पुढे काच असते, बाजूला दार असतं, चार चाकं आपणहून उभी राहतात. दुचाकीवर वारा, धूळ आणि माशी थेट तोंडावर येतात, तोल स्वतः सांभाळावा लागतो, आणि घसरलं तर डोकं रस्त्यावर. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून मोटारीसाठी दिलेली परवानगी दुचाकीला लावता येत नाही.

जखमेचं पाहू. आजची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बहुतेक ‘फेको’ पद्धतीने होते. जेमतेम अडीच मिलिमीटरच्या छेदातून आतलं गढूळ भिंग फोडून ओढून घेतात आणि घडी घातलेली कृत्रिम लेन्स आत सोडतात. शिबिरांत आणि धर्मादाय रुग्णालयांत थोडा मोठा, साधारण सहा मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद घेण्याची पद्धतही भरपूर चालते, आणि तिचे निकाल चांगले असतात. दोन्ही ‘बिनटाक्याची’ म्हणून ओळखली जातात. इथेच लोक फसतात. टाका नाही याचा अर्थ जखम नाही असा नव्हे. छेद आतल्या दाबाने आपोआप मिटलेला असतो, शिवलेला नसतो, एवढंच. पहिल्या एक-दोन आठवड्यांत त्यातून जंतू आत शिरले तर डोळ्याच्या आत पू होण्याचा प्रकार घडू शकतो. तो क्वचित घडतो, पण घडला तर नजर कायमची जाऊ शकते. चार-सहा आठवडे थेंब टाकायला सांगतात, डोळा चोळू नका आणि डोक्यावरून पाणी घेऊ नका म्हणतात, ते याचसाठी. आता या डोळ्यासमोर मेट्रोच्या कामाने उखडलेला काल्हेर ते अंजूरफाटा रस्ता ठेवा, पुढे चाललेल्या कंटेनरच्या चाकांखालची धूळ ठेवा, मागावरून उठणारी सुताची लव ठेवा. पावसाळ्यात खड्ड्यातलं काळं पाणी टेम्पोच्या चाकाने तोंडावर उडतं, त्याची तर गोष्टच सोडा. डोळ्याचं ऑपरेशन थंडीतच करावं, अशी जुन्या लोकांची समजूत होती. ऑपरेशन थिएटरच्या दृष्टीने तिला आता काही अर्थ राहिलेला नाही, पण भिवंडीच्या दुचाकीस्वारापुरती ती अजून खरी आहे, कारणं मात्र वेगळी.



हेल्मेटबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट घालताना काय होतं ते बारकाईने पाहा. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ताणून ते डोक्यावरून खाली ओढावं लागतं. आतली गालाची गादी कपाळावरून, भुवईवरून, पापणीच्या कडेवरून घासत खाली येते आणि गाल वर दाबते. काढताना हेच उलट्या दिशेने होतं, शिवाय घाईत अंगठा डोळ्यापर्यंत जातो. नवं, घट्ट हेल्मेट असेल तर हा दाब अधिकच. पार्सलवाला दिवसातून कितीदा ही कसरत करतो ते मोजा. यावर उपाय म्हणजे हेल्मेट न घालणं, असं कुणी म्हणेल तर त्याला काय म्हणावं! उघड्या डोक्याने पडण्यापेक्षा डोळ्याचं दुखणं परवडलं. पुढचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट मिळतं. ते उघडूनच घालायचं, उघडूनच काढायचं, आणि आयएसआयच्या खऱ्या छापाचं घ्यायचं. भुवईला न घासता हेल्मेट घालता-काढता येत नसेल तर गाडीची वेळ अजून आलेली नाही, एवढं साधं माप पुरेसं आहे. जड गाडी मेन स्टँडवर चढवणं, बंद पडलेली गाडी ढकलणं, अडून बसलेल्या इंजिनाला किकवर किक मारणं यांत श्वास रोखला जातो आणि डोळ्यावर ताण येतो. फेकोनंतर याची भीती पूर्वीइतकी उरलेली नाही, पण काचबिंदूच्या आणि पडद्याच्या ऑपरेशननंतर ती खरी आहे.

आता नजर. लायसन्ससाठी भरायच्या नमुना १ मध्ये अर्जदाराला विचारलेलं असतं, की चांगल्या उजेडात, लागत असेल तर चष्मा लावून, २५ मीटरवरच्या मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का. लाल-हिरवा ओळखता येतो का आणि रातांधळेपणा आहे का, हेही त्यात असतं. चाळिशीनंतर डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिशी ते पन्नाशीच्या आत काढलेलं लायसन्स १० वर्षं चालतं, म्हणजे मधल्या काळात डोळ्याचं काय झालं हे विचारायला कुणी येत नाही. ऑपरेशननंतरची तपासणी कायद्याने आपल्यावरच सोपवलेली आहे, आणि शरीर अयोग्य असताना गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली दंड आहे. घराजवळच्या सरळ गल्लीत ही परीक्षा स्वतः घेता येते. २५ मीटर मोजायचे, एक डोळा पुठ्ठ्याने झाकायचा (ऑपरेशनच्या डोळ्यावर तळहात दाबायचा नाही) आणि उभ्या रिक्षाचा नंबर वाचायचा, मग दुसऱ्या डोळ्याने वाचायचा. पण ही पास झाली म्हणून हुरळून जाऊ नये. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. ब्रेकचा विचार यायला एक सेकंद धरला तर कोरड्या रस्त्यावर ती साधारण २१-२२ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० ला तेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. म्हणजे कायद्याचे २५ मीटर गावातल्या वेगाला पुरतात, मुंबई–नाशिक महामार्गाच्या वेगाला पुरत नाहीत.

शिवाय नंबरप्लेट ही वाचण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे. पांढऱ्यावर किंवा पिवळ्यावर ठसठशीत काळी अक्षरं असतात. भिवंडी–वाडा रस्त्यावरचा खड्डा राखाडीत राखाडी असतो, आणि पाणी भरलं की तोही नाही. फिक्या रंगांतला फरक ओळखण्याची डोळ्याची ही ताकद तक्त्यावरची अक्षरं वाचून कळत नाही. रात्रीची गोष्ट याहून नाजूक. लेसिकसारख्या चष्मा घालवणाऱ्या ऑपरेशननंतर किंवा अनेक अंतरांवर दिसणारी लेन्स बसवल्यावर काहींना दिव्याभोवती वलयं दिसतात, आणि ती विरायला कधी कधी महिने लागतात. कशेळीच्या अंगाने समोरून अप्पर मारत कंटेनर येतो, त्याच्या दोन दिव्यांचा एक मोठा पांढरा गोळा होतो आणि त्या गोळ्याच्या कडेला विनादिव्याचा सायकलवाला चाललेला असतो. दिवसा अगदी ठणठणीत वाटणारी नजर त्या दोन-तीन सेकंदांत कमी पडते. इथे एक स्वस्त उपाय मात्र हाताशी असतो. हेल्मेटच्या काचेवर बारीक ओरखडे पडलेले असतील तर तीच काच मोतीबिंदूसारखा प्रकाश फाकवते. हजारो रुपये खर्चून डोळ्यातलं भिंग बदललं आणि समोरची काच तशीच ठेवली, असं होऊ नये. ऑपरेशननंतर दिलेला काळा चष्मा उन्हासाठी असतो, संध्याकाळनंतर तो गाडीवर घालणं म्हणजे आपणहून अंधार ओढवून घेणं. धुळीसाठी पारदर्शक काच किंवा बाजू झाकणारा साधा पांढरा चष्माच हवा.

सर्वांत फसवा काळ एका डोळ्याचं झालं आणि दुसऱ्याचं बाकी आहे, हा. समजा, दोन्ही डोळ्यांना उणे सहा नंबर होता. एकाचा शून्यावर आला, दुसरा तिथेच राहिला. आता चष्म्याने दोन्ही डोळे जुळवायला गेलं तर दोन्ही प्रतिमांचे आकार वेगळे पडतात आणि मेंदू त्या एकत्र बसवू शकत नाही. चष्मा न घालता चालवलं तर माणूस व्यवहारात एका डोळ्याने चालवतो. दोन डोळ्यांनी मिळणारा खोलीचा अंदाज जवळच्या अंतरात जास्त उपयोगी पडतो, आणि दुचाकीला नेमकं तेच लागतं: गतिरोधक किती उंच आहे, पुढची रिक्षा थांबली की सरकतेय, पाय टेकवायला जमीन कुठे आहे. अशांनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवू नये, किंवा मधल्या काळात त्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का ते विचारावं. कायमचा चष्मा महिना-दीड महिन्याने ठरतो. तोही जवळ-लांबचा एकत्र असला तर खालच्या भागातून स्पीडोमीटर दिसतो, पण पुढच्या चाकासमोरचा रस्ता आणि पाय ठेवायची जागा धूसर होते. गाडीसाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेणं शहाणपणाचं.

मग शेवटी काही अंदाज हवाच की नाही? हवा, पण ऑपरेशनगणिक. गुंतागुंत न झालेल्या फेकोनंतर दुचाकीला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, दुसऱ्या डोळ्याची वरची अट धरून. लेसिकमध्ये पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून परत बसवलेला असतो आणि जोराच्या माराने तो पुढेही सरकू शकतो. डोळे कोरडे पडतात, वाऱ्यावर ते आणखी जाणवतं. पृष्ठभागावर लेसर मारण्याच्या पद्धतीत नजर स्थिर व्हायलाच काही आठवडे जातात. पारपटल बदललेल्या डोळ्याचे टाके महिनोन् महिने राहतात आणि ती जोडजागा कायम कमकुवत असते. तिथे विचार आठवड्यांचा करायचाच नाही. पडदा सरकल्यावर डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर तो जाईपर्यंत गाडी नाही. एका प्रकारचा वायू दोन आठवड्यांच्या आसपास टिकतो, दुसरा दीड-दोन महिने. हा बुडबुडा असताना विमानप्रवास बंद असतो हे डॉक्टर सांगतात. भिवंडीकराने घाटाचंही विचारून घ्यावं, मागे बसून किंवा मोटारीने जायचं असलं तरी, कारण कसारा चढून इगतपुरीला जाईपर्यंत सुमारे ६०० मीटर उंची गाठली जाते, हवेचा दाब कमी होतो आणि बुडबुडा फुगतो. तपासणीसाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातले त्या दिवशीही किल्ली घरीच ठेवावी.

‘डॉक्टरांनीच हो म्हटलंय’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. डॉक्टर डोळा पाहतात, रस्ता पाहत नाहीत. रात्री नऊला अंजूरफाट्याहून माणकोलीला जायचं असतं, मागे पन्नास किलोचा माल बांधलेला असतो, हे सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार? ‘गाडी चालवू का’ ऐवजी ‘रात्री, धुळीतून, बंद हेल्मेट घालून मोटारसायकल चालवू का’ असं विचारलं तर उत्तर बदलण्याची बरीच शक्यता आहे.

याहून वजनदार आक्षेप पोटाचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ईएसआयच्या कक्षेतल्या, वर्गणी नीट भरलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. पण ज्याची मजुरी कापडाच्या मीटरवर किंवा पार्सलच्या नगावर मोजली जाते, त्याला तीन आठवडे थांबा म्हणणं सोपं आणि त्याने थांबणं अवघड. त्याला उपदेश करण्यात अर्थ नाही, वेळापत्रक करता येतं. मोतीबिंदू सहसा घाईचा नसतो. सणासुदीची गर्दी आणि पावसाळा टाळून तारीख घेता येते, दोन्ही डोळ्यांच्या तारखा जवळ ठेवता येतात, त्या दिवसांपुरतं गोदामातलं आतलं काम आधीच मागून घेता येतं. परतीतही पायऱ्या ठेवता येतात: आधी दिवसाउजेडी, ओळखीच्या गल्ल्यांतून, डबलसीट आणि माल न घेता, महामार्ग आणि रात्र सगळ्यात शेवटी. गोदामांच्या मालकांनी या तीन आठवड्यांकडे मेहेरबानी म्हणून पाहू नये. डोळा बिघडलेला किंवा कंटेनरखाली आलेला कामगार त्यांनाही स्वस्तात पडत नाही.

‘एका डोळ्याने आयुष्यभर गाडी चालवणारे आम्ही पाहिलेत’ हेही ऐकू येतं. असे लोक आहेत, आणि त्यांतले बरेच सावध चालवतात. पण त्यांच्या मेंदूने कित्येक महिन्यांत नवे आडाखे बांधलेले असतात: मान जास्त वळवायची, आकारावरून अंतर ओळखायचं. परवा ऑपरेशन झालेल्या माणसाकडे ते आडाखे नसतात. नमुना १ मधली सवलतही तपासून पाहावी. पाच वर्षं लायसन्स असल्यानंतर एक डोळा गेलेल्याला ती मिळते, पण ती बाहेरचा आरसा असलेल्या हलक्या, खासगी मोटारीबद्दल बोलते.

राहता राहिले काचबिंदूवाले. काचबिंदूचं ऑपरेशन गेलेली नजर परत आणत नाही, उरलेली टिकवतं. अशा माणसाला समोरच्या तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, नंबरप्लेटही वाचता येते, आणि तरीही वंजारपट्टी नाक्यावर डावीकडून घुसणारी रिक्षा त्याच्या नजरेच्या टापूतच नसते. त्याला स्वतःला हे जाणवत नाही, कारण मेंदू ती रिकामी जागा बेमालूम भरून काढतो. त्याला ‘आणखी महिनाभर थांबा’ सांगण्यात काही हशील नाही. त्याने किल्ली हातात घेण्याआधी नजरेच्या टापूची तपासणी करून घ्यावी, तिचा छापील नकाशा डॉक्टरांसमोर ठेवून दोन्ही बाजूंना किती उरलंय ते स्पष्ट विचारावं, आणि पुरेसं उरलेलं नसेल तर गाडी मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर करून टाकावी.